भुतांना गावोगाव पोचवणारी माणसं

भयपट बनवणारे आणि पाहणारे सगळ्यांना माहीत असतात. पण तो तुमच्यापर्यंत आणून सोडणारा वितरक कोण असतो? रामसे बंधूंपासून 'तुंबाड'पर्यंतची ही गोष्ट त्याची आहे.

तुम्ही मारतहळ्ळीत किंवा बेंगळुरूच्या दुसऱ्या कुठल्या भागात राहत असाल, तर शेजारच्या कन्नड आजींकडून 'नाळे बा' हे शब्द ऐकले असतील. अर्थ साधा आहे, 'उद्या ये'. १९९० च्या दशकात बेंगळुरूत अशी अफवा होती की रात्री एक बाई ओळखीच्या आवाजात हाक मारते आणि दार उघडणाऱ्याला घेऊन जाते. म्हणून लोकांनी दारावर 'नाळे बा' लिहिलं. ती रोज यायची, वाचायची आणि परत जायची! हीच दंतकथा पुढे २०१८ च्या 'स्त्री' या हिंदी चित्रपटाला उपयोगी पडली आणि देशभर पोचली.

भुताची गोष्ट तोंडी असते तोवर तिला पाय असतात. ती आपली आपण चालत जाते. पण तिचा चित्रपट झाला की ती डब्यात बंद होते. मग कुणीतरी तो डबा उचलून प्रेक्षकापर्यंत न्यावा लागतो. हे काम वितरकाचं. भयपटांच्या बाबतीत ते जास्तच अवघड, कारण असे चित्रपट बनतात कमी पैशांत, त्यांत मोठे नट नसतात, समीक्षक नाकं मुरडतात आणि घरची मोठी माणसं म्हणतात, 'असलं काय पाहायचं?' तरीही काही भयपट ३०-४० वर्षं जगले. ते कसे जगले, हे समजून घ्यायला मुंबईच्या एका कुटुंबापासून सुरुवात करू या.

लॅमिंग्टन रोडवरचं रेडिओचं दुकान

फतेहचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. गोऱ्या गिऱ्हाइकांना 'रामसिंघानी' म्हणता येत नसे, म्हणून त्याचं 'रामसे' झालं, असं कुटुंबात सांगितलं जातं. फाळणीनंतर हे सिंधी कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. हा रस्ता विजेच्या सामानासाठी प्रसिद्ध आहेच, पण त्या काळी चित्रपटगृहं आणि चित्रपट कंपन्यांची कार्यालयंही तिथे दाटीवाटीने होती. फतेहचंद चित्रपटांत पैसे घालू लागले.

इथे एक मराठी धागा आहे. रामसेंनी काढलेल्या 'रुस्तम सोहराब' (१९६३) आणि 'एक नन्ही मुन्नी लडकी थी' (१९७०) या दोन चित्रपटांचे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर, 'रणांगण' कादंबरीचे लेखक. दुसरा चित्रपट चालला नाही. पण त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर विचित्र मुखवटा घालून संग्रहालयात चोरी करतात आणि पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना काही होत नाही. तुलसी आणि श्याम या दोन भावांनी थिएटरमध्ये बसून पाहिलं, की लोक तेवढ्या प्रसंगाला सरसावून बसतात आणि बाकी वेळ कंटाळतात. त्यांनी वडिलांना सुचवलं, की जे लोकांना आवडलं तेवढंच घेऊन अख्खा चित्रपट करू.

दुकानदाराच्या मुलांनी केलेलं हे साधं निरीक्षण होतं. काउंटरवर बसणाऱ्याला गिऱ्हाईक कशाला हात लावतं हे बरोबर कळतं. त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीचं मूळ या सवयीत आहे.

महाबळेश्वरचा मुक्काम

भाऊ सात होते: कुमार, केशू, तुलसी, श्याम, किरण, गंगू आणि अर्जुन. चित्रपटकलेचं शिक्षण कुणीच घेतलं नव्हतं. छायाचित्रणावरचं एक इंग्रजी पुस्तक मिळवून त्यांनी ते एकत्र बसून वाचलं आणि कामं वाटून घेतली. कुमार लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी पाहणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मिती सांभाळणार आणि तुलसी-श्याम दिग्दर्शन करणार.

१९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' हा त्यांचा पहिला भयपट. सगळं बिऱ्हाड कलाकारांसह बसने महाबळेश्वरला गेलं आणि सरकारी विश्रामगृहात उतरलं. सेट उभारला नाही. धुकं, झाडी आणि जुने बंगले फुकट मिळाले. सुमारे ४० दिवसांत आणि साडेतीन लाख रुपयांच्या आसपास काम आटोपलं, असं भावांनी नंतर मुलाखतींत सांगितलं. घरच्या बायकांनी सगळ्या युनिटचा स्वयंपाक केला.

हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचा. बाहेरचा आचारी लावला असता तर त्याचं बिल हिशेबात आलं असतं. घरच्या बायकांच्या कष्टाचं बिल कुणी लावलं नाही आणि पोस्टरवर त्यांची नावंही आली नाहीत. कमी पैशांत चित्रपट करण्याचं 'रामसे तंत्र' म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्यातला मोठा वाटा या चुलीचा होता. तुमच्या घरात एखादा धंदा 'घरच्या घरी' चालत असेल, तर ही गोष्ट तुम्हाला नवी वाटणार नाही.

पुढच्या काही चित्रपटांसाठी त्यांनी मुरुडचा नवाबाचा राजवाडा वापरला. समुद्रकाठची ती ओसाड वास्तू पडद्यावर आली की प्रेक्षक आधीच अर्धा घाबरलेला असे.

वितरक नेमकं काय करतो?

चित्रपट तयार झाला. आता तो विकायचा कसा? भारतात चित्रपटाचा बाजार भागांमध्ये वाटलेला असतो. व्यवहारात त्याला टेरिटरी किंवा सर्किट म्हणतात. गंमत म्हणजे या भागांची नावं आजच्या नकाशाशी जुळत नाहीत. मुंबई टेरिटरीत पश्चिम महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि कर्नाटकातला काही भाग येतो. विदर्भ येतो 'सीपी बेरार'मध्ये, ज्याची उलाढाल अमरावती आणि भुसावळच्या वितरकांकडे होती. मराठवाडा 'निझाम'मध्ये आणि बेंगळुरू 'म्हैसूर'मध्ये. संस्थानं गेली, प्रांत बदलले, पण चित्रपटवाल्यांच्या वहीत जुनी नावं तशीच राहिली. तुम्ही आज बेंगळुरूत बसून हिंदी चित्रपट पाहता तेव्हा त्याची कमाई 'म्हैसूर'च्या खात्यात जमा होते.

प्रत्येक टेरिटरीचा हक्क तिथला वितरक निर्मात्याकडून विकत घेतो. व्यवहाराच्या तीन पद्धती रूढ आहेत.

आउटराइट: ठरलेली रक्कम एकदाच देऊन हक्क घ्यायचे. नफा झाला तर सगळा वितरकाचा, बुडालं तरी त्याचंच.

एमजी, म्हणजे मिनिमम गॅरंटी: वितरक निर्मात्याला ठरावीक रक्कम हमी म्हणून देतो. आपले पैसे आणि खर्च वसूल झाल्यावर वर जे येतं, म्हणजे 'ओव्हरफ्लो', ते दोघांत वाटलं जातं.

कमिशन: वितरक काही टक्क्यांवर फक्त चित्रपट लावून देतो. धोका निर्मात्याचा.

आता प्रिंटचा हिशेब पाहा. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते. सव्वादोन तासांच्या चित्रपटाची फिल्म उलगडली तर साडेतीन किलोमीटरहून लांब भरते. ही सगळी रिळं लोखंडी पेट्यांत घालून रेल्वेने, एसटीने गावोगाव जात. प्रिंट महाग असल्यामुळे छोटा वितरक मोजक्याच काढी. आधी जिल्ह्याचं थिएटर, तिथून उतरली की तालुक्याची टॉकीज आणि अगदी शेवटी जत्रेतला तंबू. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबू टॉकीजवर 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट झाला आणि २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. तोवर प्रिंटवर ओरखडे पडलेले असत, एखादं रीळ मध्येच तुटून जोडलेलं असे. पण तंबूत बसलेल्या माणसासाठी तो नवा कोरा चित्रपटच असे.

शहरांनी पाठ फिरवली, तालुक्यांनी उचलून धरलं

रामसेंचं खरं हुशारीचं काम इथे आहे. मोठ्या शहरांतली चांगली थिएटरं त्यांना मिळत नव्हती. तिथे मोठ्या नटांचे चित्रपट रांगेत असत. मग त्यांनी त्या रांगेत उभं राहणंच सोडलं. रेल्वेही थांबत नाही अशा गावांत आपला धंदा आहे, हे त्यांनी ओळखलं. तिथल्या टॉकीजवाल्याला मोठा चित्रपट मिळायचा तो महिनोन्महिने उशिरा आणि परवडायचा नाही. रामसेंचा चित्रपट स्वस्त होता, वेळेवर यायचा आणि पोस्टर पाहूनच कळायचं की आत काय आहे.

त्यात १९८० च्या दशकात परिस्थिती बदलली. १९८२ च्या आशियाई खेळांच्या सुमारास रंगीत दूरदर्शन आलं, पाठोपाठ व्हिडिओ आला. मध्यमवर्गीय कुटुंबं घरी बसून चित्रपट पाहू लागली आणि थिएटरं ओस पडू लागली. कौटुंबिक चित्रपटांना हा फटका जोरात बसला. भयपटाचं मात्र उलट असतं. अंधारात, अनोळखी माणसांच्या गर्दीत, एकदम किंचाळण्याची मजा घरच्या दिवाणखान्यात येत नाही.

१९८४ चा 'पुराना मंदिर' हा त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. त्यातला 'सामरी' झालेले अजय अग्रवाल हे रूरकीला शिकलेले सिव्हिल इंजिनीअर. इंजिनीअरांनी भरलेल्या मारतहळ्ळीत ही माहिती सांगायला हरकत नाही! त्यांची प्रचंड उंची आणि आगळा चेहरा यामुळे रंगभूषेचं निम्मं काम आपोआप झालं. पुढे 'वीराना' (१९८८), 'पुरानी हवेली' (१९८९) आणि 'बंद दरवाजा' (१९९०) आले.

हे चित्रपट निर्दोष होते असं नाही. विनोदाची जोडकथा उगाच घुसडलेली असे आणि बाईचं शरीर दाखवून तिकिटं विकली जात. भुताच्या तावडीत सापडणारी बहुतेक वेळा तरुण मुलगीच आणि सोडवणारा पुरुष. बहुतेकांना प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळे. कुटुंबाने एकत्र पाहावेत असे ते नव्हतेच. पण ज्यांच्या गावी कुणी काही पाठवत नव्हतं, त्यांच्याकडे रामसेंनी दर वर्षी काहीतरी पाठवलं, हेही तितकंच खरं.

पडद्यावरून दिवाणखान्यात

१९९० नंतर गणित बिघडलं. केबल घरोघरी पोचलं. १९९३ मध्ये झी टीव्हीवर रामसेंचा 'द झी हॉरर शो' सुरू झाला आणि भूत आयतं दिवाणखान्यात येऊन बसलं. तुम्ही त्या वेळी शाळेत असाल तर त्याचं सुरुवातीचं संगीत ऐकून पांघरूण डोक्यावर ओढल्याचं आठवत असेल. मालिका गाजली, पण तालुक्याच्या टॉकीजचं गिऱ्हाईक घरीच थांबलं. भावांच्या वाटाही हळूहळू वेगळ्या झाल्या.

मराठीत त्याच वर्षी महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. रामदास पाध्ये यांचा बोलका बाहुला तात्या विंचू आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या यांनी भय आणि हसू एकत्र आणलं. तो घरच्या सगळ्यांनी मिळून पाहण्यासारखा होता, म्हणून त्याचा प्रवास लांबला. 'खिलौना बना खलनायक' या नावाने तो हिंदीत डब झाला आणि मराठी न येणाऱ्या मुलांनीही त्याला डोक्यावर घेतलं. भाषा बदलून नवा प्रेक्षक गाठणं हेही वितरणच.

परदेशातून आलेलं गिऱ्हाईक

रामसेंच्या चित्रपटांना आपल्याकडे 'टाकाऊ' म्हणून बाजूला ठेवलं जात होतं, तेव्हा पीट टॉम्ब्स नावाचा एक ब्रिटिश माणूस त्यांच्या मागे लागला होता. जगभरच्या विक्षिप्त, भयानक आणि विसरलेल्या चित्रपटांवर त्याने १९९७ मध्ये 'मोंडो मकाब्रो' हे पुस्तक लिहिलं. भारत, इंडोनेशिया, मेक्सिको, तुर्कस्तान अशा देशांतले हे चित्रपट. पुढे ब्रिटनच्या चॅनल ४ वर त्याच नावाची मालिका झाली. पण पुस्तक वाचून वाचक विचारणार, 'हे चित्रपट पाहायचे कुठे?' उत्तर नव्हतं. मग टॉम्ब्सने स्वतःच डीव्हीडी काढणारी छोटी कंपनी सुरू केली. नाव तेच, मोंडो मकाब्रो.

स्वतंत्र वितरकाची कारकीर्द साधारण अशीच घडते. आधी वेड, मग माहिती, मग लोकांची विचारणा आणि शेवटी धंदा. यातला क्रम उलटा करून चालत नाही.

या कंपनीने पाकिस्तानातला 'जिंदा लाश' (१९६७) हा ड्रॅक्युलाच्या कथेवरचा चित्रपट पुन्हा प्रकाशात आणला. २००६ च्या सुमारास 'पुराना मंदिर' आणि 'बंद दरवाजा' यांची जोड डीव्हीडी आली, त्यानंतर रामसेंचे आणखी चित्रपट. इंग्रजी उपशीर्षकं, स्वच्छ केलेली प्रिंट आणि सोबत चित्रपटाची पार्श्वभूमी. अलीकडे हेच चित्रपट ब्लू-रे संचात आले. हिंदीचा शब्दही न कळणारे प्रेक्षक आज सामरीला नावाने ओळखतात.

टॉम्ब्सने पुढे आणखी एक पाऊल टाकलं. इस्लामाबादमध्ये आइस्क्रीम पार्लर चालवणारे ओमर अली खान हे जुन्या भयपटांचे असेच वेडे. त्यांच्या 'जिबाहखाना' (२००७) या चित्रपटाला टॉम्ब्सने निर्मितीत साथ दिली. त्यात 'जिंदा लाश'चे नट रेहान ४० वर्षांनी एका छोट्या भूमिकेत पुन्हा दिसले. वितरकाने जुना चित्रपट जपला, म्हणून नव्या दिग्दर्शकाला जुना नट आठवला. एखादी गोष्ट जपली की ती पुढे अशी उपयोगी पडते.

व्हिनेगरचा वास

जपण्याचा मुद्दा निघाला आहे तर एक अप्रिय गोष्टही सांगायला हवी. १९५० नंतरच्या बहुतेक फिल्म ॲसिटेट या पदार्थाच्या. त्या उष्ण आणि दमट हवेत ठेवल्या की हळूहळू कुजतात, आकसतात आणि डबा उघडला की व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. या रोगाला 'व्हिनेगर सिंड्रोम' असंच नाव आहे. अमेरिकेत जुने भयपट दुरुस्त करून विकणाऱ्या एका कंपनीने हेच नाव घेतलं आहे. आपण कशाशी लढतो आहोत हे तिने पाटीवरच लिहून टाकलं.

आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. मुंबईत २०१४ पासून फिल्म हेरिटेज फाउंडेशन काम करतं. पण सरकारी संस्था असो की खासगी, आधी 'महत्त्वाचे' चित्रपट वाचवले जाणार हे उघड आहे. २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत जुन्या, ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळाला. एकदा गेलेलं रीळ परत येत नाही. मग पुरस्कार न मिळालेल्या, नाकं मुरडली गेलेल्या चित्रपटांचं कोण पाहणार? ते काम बहुतेक वेळा एखादा हट्टी वितरकच करतो. त्याला त्यातून चार पैसेही मिळायचे असतात आणि म्हणूनच तो गोदामात जाऊन डबा उघडून बघतो.

'तुंबाड' दुसऱ्यांदा आला

आता अगदी अलीकडचं, आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. राही अनिल बर्वे यांना किशोरवयात मित्राकडून नारायण धारपांची एक कथा ऐकायला मिळाली आणि ती डोक्यातून गेलीच नाही. त्यातून 'तुंबाड' घडला. एक निर्माता मध्येच सोडून गेला, नट बदलले. २०१२ मध्ये चित्रीकरण झालं, ते पुरेसं वाटलं नाही म्हणून २०१५ मध्ये पुन्हा झालं. सोहम शाह यांनी त्यात मुख्य भूमिका केली आणि निर्माते म्हणून पैसेही लावले.

२०१८ मध्ये व्हेनिस महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात तो दाखवला गेला आणि १२ ऑक्टोबरला भारतात प्रदर्शित झाला. सहाच दिवसांत, दसऱ्याच्या मुहूर्तावर 'बधाई हो' आला. पडदे कमी होत गेले आणि 'तुंबाड' उतरला. मोठ्या चित्रपटाच्या आदल्या आठवड्यात छोटा चित्रपट लावला की असं होतं. ज्यांनी पाहिला त्यांनी दुसऱ्याला सांगेपर्यंत तो थिएटरमध्ये राहिलाच नाही.

पण सांगणं थांबलं नाही. चित्रपट ऑनलाइन आला आणि वर्षानुवर्षं लोक एकमेकांना सुचवत राहिले. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तो पुन्हा थिएटरमध्ये लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. चित्रपट तोच होता, एक चौकटही बदलली नव्हती. बदलली होती ती वेळ, आणि प्रेक्षक आधीच तयार होऊन बसला होता.

शेजारी दुसरं उदाहरण ठेवा. विशाल फुरिया यांचा मराठी 'लपाछपी' २०१७ मध्ये आला. उसाच्या फडात अडकलेली गरोदर बाई आणि त्यामागचा स्त्रीभ्रूणहत्येचा प्रश्न. पूजा सावंतने तो पेलला. नंतर याच दिग्दर्शकाने तो हिंदीत 'छोरी' म्हणून केला आणि २०२१ मध्ये प्राइम व्हिडिओवरून तो देशभर पोचला. गोष्ट आपली, माणूस आपला, पण लांबचा प्रेक्षक मिळाला तो हिंदीत गेल्यावर. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुम्हाआम्हाला याची सवय आहे. मराठी चित्रपट लागलाच तर शनिवार-रविवारचा एखादा खेळ, तोही भलत्या वेळी आणि भलत्या टोकाला. तिकिटं आधी काढली नाहीत तर पुढच्या आठवड्यात तोही नाही. तिथेही प्रश्न वितरणाचाच आहे.

घरात कुणाला या वाटेने जायचं असेल तर

तुमच्या मुलीला किंवा मुलाला चित्रपटांचं वेड आहे आणि दिग्दर्शनापेक्षा चित्रपट लोकांपर्यंत नेण्यात जास्त रस आहे? मग घाबरून जाऊ नका, आणि लगेच पैसेही काढून देऊ नका. आधी या गोष्टी एकत्र बसून बोला.

हक्क कुणाचे ते आधी पाहा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं असतो. १९७२ चा 'दो गज जमीन के नीचे' २०३२ संपेपर्यंत संरक्षित आहे. 'जुना आहे, कुणी विचारत नाही' म्हणून कुठलाही चित्रपट दाखवता येत नाही. थिएटर, टीव्ही, ऑनलाइन आणि परदेश यांचे हक्क वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. करार वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.

छोट्यापासून सुरुवात करा. फिल्म सोसायटी, कॉलेजचा महोत्सव, सोसायटीच्या हॉलमधला परवानगी घेऊन केलेला खेळ. ५० माणसं जमवता आली आणि ती पुन्हा आली, तर पुढचा विचार करा. मारतहळ्ळीसारख्या भागात मराठी मंडळाच्या साथीने हे करून पाहता येतं.

नवं तंत्र शिका. आता पेट्या आणि रिळं नाहीत. चित्रपट कुलूपबंद फाइलच्या रूपात जातो आणि ठरावीक थिएटरला ठरावीक दिवसांपुरती डिजिटल किल्ली मिळते. प्रिंटचा खर्च वाचला, पण डिजिटल प्रक्षेपणाचं शुल्क आलं. उपशीर्षकं चांगली लिहिता येणं हे तर स्वतंत्र कौशल्य आहे. दोन भाषांत वाढलेल्या बेंगळुरूच्या मुलांना ते सहज जमू शकतं.

घर गहाण टाकू नका. एमजी देणं म्हणजे न पाहिलेल्या गर्दीवर पैज लावणं. बुडाले तरी घर चालेल इतकेच पैसे गुंतवावेत. सुरुवातीला कमिशनवर काम करणं शहाणपणाचं.

हिशेबात सगळ्यांना धरा. घरची माणसं फोन घेत असतील, पोस्टर डकवत असतील, स्वयंपाक करत असतील तर त्यांचंही काम वहीत लिहा. रामसेंच्या घरातली जी नावं पोस्टरवर आली नाहीत, तशी तुमच्या घरात राहू देऊ नका.

मुलांबरोबर भयपट पाहताना

भयपट मुलांपासून कायमचे लपवता येत नाहीत. पण वयाप्रमाणे निवडता येतात. २०२३ च्या कायदा दुरुस्तीनंतर यूए प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. तिकीट काढण्याआधी हा आकडा पाहायची सवय लावा. 'ए' असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नका, मग ते कितीही हट्ट करोत. रात्री झोप उडाली तर थट्टा करू नका. ते भूत कापड, रंग आणि आवाज यांतून कसं तयार झालं ते समजावून सांगा. बहुतेक मुलांची भीती अशी माहिती मिळाली की कुतूहलात बदलते.

आणि चोरून आलेली प्रत पाहू नका. त्याच कायद्यात चित्रपटाची चोरटी नक्कल करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि मोठा दंड आहे. पण शिक्षेची भीती बाजूला ठेवली तरी एक साधा हिशेब उरतो. मोठ्या चित्रपटाला एक चोरी सोसते. छोट्या वितरकाने घरचे पैसे घालून आणलेल्या चित्रपटाची ५० तिकिटं कमी झाली, तर पुढचा चित्रपट तो आणतच नाही.

तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम २०१९ मध्ये आणि कुमार २०२१ मध्ये. त्यांना फार मोठे सन्मान मिळाले नाहीत. पण त्यांचे चित्रपट आज पाहायला मिळतात. कुणीतरी रिळं शोधली, कुणी हक्क विकत घेतले, कुणी उपशीर्षकं लिहिली आणि कुणीतरी तिकीट किंवा डिस्क विकत घेतली. या साखळीतली शेवटची कडी तुम्ही आहात. पुढच्या वेळी तुमच्या भागात एखादा छोटा मराठी भयपट दोन दिवसांसाठी लागला, तर शुक्रवारीच तिकिटं काढा, आणि आवडला तर त्याच रात्री चार जणांना सांगा. सोमवारी तो त्या पडद्यावर राहणार की नाही, हे त्या चार जणांवरच ठरणार असतं.